आधुनिक बेसबॉल कार्डांत दीर्घकाळासाठी पैसे गुंतवताना: निवड, तपासणी, ग्रेडिंग, साठवण आणि विक्री

न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्याने ईबेवरून ५०० डॉलरचं कार्ड घेतलं, तर ६.६२५ टक्के विक्रीकर धरून ते त्याला ५३३ डॉलरला पडतं. पाच वर्षांनी तेच कार्ड ईबेवर विकलं की साधारण १३ टक्के शुल्क कापलं जातं. म्हणजे घातलेले पैसे जसेच्या तसे परत यायलाही कार्ड ६१३ डॉलरला जायला हवं. भाव जवळजवळ २३ टक्के चढला तरी नफा शून्य, आणि टपालखर्च, विमा, ग्रेडिंग (कंपनीकडून कार्डाच्या अवस्थेला दहापैकी गुण लावून घेणं) यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांत बेसबॉल खेळाडूंची चित्रं छापलेली ही कार्डं बहुतेकदा मुलांच्या हातून येतात. एक पाकीट, मग एक डबा, मग एखादं कार्ड बऱ्या भावाला जातंय असं कळतं आणि मोठी माणसंही त्यात लक्ष घालू लागतात. छंद म्हणून काहीही घ्यावं, त्यात आनंद आहेच. पण गुंतवणूक म्हणून घ्यायचं असेल तर वरचा हिशेब सगळं ठरवतो: उलाढाल कमी ठेवायची, थोडीच पण चांगली कार्डं घ्यायची आणि ती आठ-दहा वर्षं धरून ठेवायची तयारी हवी. दहा डॉलरची शंभर कार्डं घेण्यापेक्षा हजार डॉलरचं एक कार्ड विकायला कितीतरी सोपं जातं. शंभर कार्डांचे फोटो काढणं, पाकिटं बांधणं आणि टपालात टाकणं यातच नफा संपतो. आणि हे पैसे असे हवेत की अडचणीच्या वर्षी कार्ड मोडायची वेळ येणार नाही, कारण कार्डाला व्याज नाही, लाभांशही नाही.

आधुनिक कार्डं वेगळी का

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या सुरुवातीला कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की त्या काळाला बाजारात ‘जंक वॅक्स’ म्हणतात. लोकांनी डबेच्या डबे माळ्यावर जपून ठेवले आणि त्यांतल्या बहुतेकांची किंमत आजही छापील किमतीच्या आसपासच आहे. सगळ्यांनीच जपून ठेवलं, त्यामुळे दुर्मीळ काही उरलंच नाही. १९८९ चं अपर डेक कंपनीचं, केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूचं कार्ड हे त्या काळातलं सर्वांत लाडकं कार्ड, पण साध्या अवस्थेत तेही सहज मिळतं.

पुढे कंपन्यांनी मुद्दाम टंचाई निर्माण करायला सुरुवात केली. १९९३ मध्ये टॉप्स या कार्ड कंपनीच्या ‘फायनेस्ट’ संचात पहिली रिफ्रॅक्टर कार्डं आली, प्रकाशात तिरकी धरली की इंद्रधनुष्यासारखी चमकणारी. त्यानंतर क्रमांक छापलेली, सही असलेली, जर्सीचा तुकडा बसवलेली कार्डं आली. २००६ पासून खेळाडूच्या पहिल्या अधिकृत मोसमाच्या कार्डांवर ‘आरसी’ (रुकी कार्ड, म्हणजे नवख्या खेळाडूचं कार्ड) हा शिक्का येऊ लागला. २०१० पासून मेजर लीग बेसबॉलचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा) एकमेव परवाना टॉप्सकडे आहे आणि जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्स या कंपनीने टॉप्सचा कार्डांचा धंदा विकत घेतला. म्हणून पनिनी या दुसऱ्या कंपनीच्या बेसबॉल कार्डांवर संघाचं चिन्ह नसतं, टोपी कोरी दिसते. ती स्वस्त मिळतात, पण पुढे विकतानाही स्वस्तच जातात. दीर्घकाळासाठी पैसे घालायचे तर टॉप्स, टॉप्स क्रोम आणि बोमन क्रोम या तीन घराण्यांबाहेर जायची गरज नाही. (बोमन हेही टॉप्सचंच नाव, आणि क्रोम म्हणजे पुढे चकचकीत प्लॅस्टिकचा थर असलेली कार्डं.)

खेळाडू निवडणं

ही पायरी चुकली तर बाकीची सगळी काळजी वाया जाते. आमचा कल स्पष्ट आहे: फलंदाज घ्यावेत, पिचर (चेंडू फेकणारे) टाळावेत. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाची पाठ जशी कधी दगा देईल सांगता येत नाही, तसा इथे पिचरचा कोपर. स्टीव्हन स्ट्रासबर्गने ८ जून २०१० रोजी पहिल्याच सामन्यात १४ फलंदाजांना बाद (स्ट्राइकआउट) केलं. त्याच्या कार्डांवर त्या उन्हाळ्यात अक्षरशः झुंबड उडाली होती. त्याच वर्षी त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. पुढे २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मोसमाच्या अंतिम लढतीत) तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरीही दुखापतींनी कारकीर्द लवकर संपली आणि २०१० चा भाव परत आला नाही.

दुसरा धोका म्हणजे अजून मेजर लीगमध्ये न आलेले होतकरू खेळाडू, ज्यांना इथे ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात. त्यांच्या कार्डांत सगळ्यात वेगाने पैसे वाढतात आणि सगळ्यात वेगाने बुडतातही. बहुतेक प्रॉस्पेक्ट मेजर लीगमध्ये टिकत नाहीत. टिकले तरी मैदानाबाहेरचं काही सांगता येत नाही: वाँडर फ्रँको हा अनेक वर्षं सर्वांत महागड्या प्रॉस्पेक्टपैकी एक होता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्यावर गंभीर आरोप झाले, तो मैदानाबाहेर गेला आणि कार्डांचा बाजार काही दिवसांत कोसळला. फर्नांडो टाटिस ज्युनियरला ऑगस्ट २०२२ मध्ये उत्तेजक द्रव्यांवरून ८० सामन्यांची बंदी झाली, तेव्हाही असाच फटका बसला. बॅरी बाँड्ससारख्याची आकडेवारी अफाट असूनही हॉल ऑफ फेमचं (महान खेळाडूंच्या सन्मान-यादीचं) दार अजून उघडलेलं नाही, कारण उत्तेजकांचा डाग मतदार विसरत नाहीत.

म्हणून एकूण रकमेचा मोठा भाग, आमच्या मते तीन चतुर्थांश तरी, अशा खेळाडूंवर लावावा ज्यांचं हॉल ऑफ फेममध्ये जाणं जवळजवळ नक्की आहे: शोहेई ओतानी, आरन जज, माइक ट्राउट या दर्जाचे. उरलेला भाग पहिली तीन-चार वर्षं उत्तम खेळलेल्या तरुण फलंदाजांवर. प्रॉस्पेक्टवर लावायचेच असतील तर जेवढे बुडाले तरी चालतील तेवढेच.

खेळाडू महान असला म्हणजे भाव सतत चढेल असं मात्र नाही. ट्राउटने तीनदा, २०१४, २०१६ आणि २०१९ मध्ये, एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) किताब जिंकला. त्याचं २०११ टॉप्स अपडेटमधलं यूएस१७५ क्रमांकाचं कार्ड या पिढीचं सर्वांत प्रसिद्ध रुकी कार्ड आहे. करोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, त्याची पीएसए १० (पीएसए या ग्रेडिंग कंपनीने दहापैकी दहा दिलेली) प्रत जिथे पोचली होती तिथून ती नंतर अर्ध्याहून खाली आली. खेळाडू तोच आणि कार्डही तेच, पण ज्यांनी शिखरावर घेतलं त्यांना मोठा फटका बसला.

कोणतं कार्ड घ्यायचं

एकाच खेळाडूची एकाच वर्षी शेकडो वेगवेगळी कार्डं निघतात. नवखा माणूस इथेच गोंधळतो. चार प्रश्न विचारले की बहुतेक कार्डं आपोआप गळतात.

हे त्याचं पहिलं कार्ड आहे का? दोन ‘पहिली’ असतात. बोमनमध्ये ‘फर्स्ट’ असा शिक्का असलेलं कार्ड खेळाडू अजून खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्ये असताना येतं. आरसी शिक्क्याचं कार्ड मेजर लीगमध्ये आल्यावर. आरन जजचं बोमनमधलं पहिलं कार्ड २०१३ च्या ड्राफ्ट संचातलं आहे, रुकी कार्डं २०१७ ची. दोन्हींना बाजार आहे. सही असेल तर बोमनचं पहिलं कार्ड वरचढ, सही नसेल तर टॉप्सचं आरसी. तिसऱ्या-चौथ्या वर्षीच्या कार्डाला, कितीही सुंदर असलं तरी, तितकी मागणी राहत नाही.

किती प्रती आहेत? कार्डाच्या मागे किंवा पुढे ३७/५० असं छापलेलं असेल तर एकूण ५० प्रतींपैकी ही ३७ वी. बोमन क्रोमच्या सहीच्या कार्डांत रंगांची उतरंड ठरलेली आहे: साधं रिफ्रॅक्टर ४९९ प्रती, जांभळं २५०, निळं १५०, हिरवं ९९, सोनेरी ५०, केशरी २५, लाल ५ आणि सुपरफ्रॅक्टर एकच. अधूनमधून नवे नमुने घालतात, पण हे मुख्य रंग टिकून आहेत. मध्यम बजेटला निळं ते सोनेरी हा पट्टा आम्हाला सर्वांत योग्य वाटतो: दुर्मीळ आहेत, तरी वर्षातून काही प्रती विकल्या जातात, म्हणून भाव काढता येतो. क्रमांक नसलेल्या साध्या कार्डांच्या प्रती टॉप्स सांगत नाही, आणि त्या फार असतात.

सही कुठे केली आहे? खेळाडूने थेट कार्डावर केलेली सही आणि पारदर्शक स्टिकरवर करून चिकटवलेली सही यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. थेट सहीच घ्यावी. निळी शाई नीट, तुटक न झालेली, काठावर कापली न गेलेली असावी.

कापडाचा तुकडा कुठला? मागचा मजकूर शब्द न् शब्द वाचावा. सामन्यात वापरलेली जर्सी, खेळाडूने नुसती अंगात घातलेली जर्सी, आणि ‘कोणत्याही ठरावीक सामन्यातील नाही’ असं लिहिलेलं कापड, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या प्रकारासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. पॉल स्कीन्सच्या पदार्पणाच्या सामन्यातला जर्सीवरचा पॅच (कापडी बिल्ला) बसवलेलं, सही केलेलं एकमेव कार्ड मार्च २०२५ मध्ये ११.१ लाख डॉलरला गेलं, ते त्या कापडाची नोंद पक्की होती म्हणून. (स्कीन्स पिचर आहे. एकमेव कार्डांचे नियम वेगळे असतात, त्यावरून साध्या कार्डांचा अंदाज बांधू नये.)

‘रिडेम्प्शन’ म्हणजे सहीच्या कार्डाऐवजी पाकिटात निघालेली हुंडी. तिला मुदत असते आणि बदली कार्ड यायला महिने लागू शकतात. जुनी, मुदत संपलेली हुंडी घेऊ नका.

डबे फोडायचे का

गुंतवणूक म्हणून नाही. हॉबी डब्यात (कार्डांच्या खास दुकानांत मिळणाऱ्या) साधारण एका सहीची हमी असते, पण ती कोणाची हे सांगता येत नाही, आणि बहुतेक डब्यांतून निघालेल्या कार्डांची बेरीज डब्याच्या किमतीपेक्षा कमी भरते. थेट प्रक्षेपणात डबे फोडून संघवार वाटणारे ‘ब्रेक’ तर सोडतीसारखेच चालतात. हव्या त्या खेळाडूचं सुटं कार्ड घेणं स्वस्त पडतं.

न फोडलेला डबा तसाच ठेवून देणं हा वेगळा मार्ग आहे. चांगल्या रुकी वर्षाचे हॉबी डबे वाढतात, कारण दरवर्षी काही फोडले जाऊन शिल्लक कमी होत जाते. पण डबा उघडून, चांगली पाकिटं काढून पुन्हा प्लॅस्टिक गुंडाळण्याचे प्रकार होतात. कंपनीच्या नावाचा छापील पट्टा असलेलं आवरण आणि अधिकृत विक्रेत्याची पावती, या दोन्हींशिवाय डबा घेऊ नये. मोठ्या दुकानांतले ‘रिटेल’ डबे साठवण्यात अर्थ नाही.

भाव काढण्याची रीत

मागितलेल्या किमतीकडे लक्ष देऊ नका. ईबेवर डाव्या बाजूच्या गाळणीत ‘विकलेल्या वस्तू’ निवडा आणि त्याच कार्डाचे, त्याच रंगाचे, त्याच ग्रेडचे शेवटचे पाच-सहा व्यवहार लिहून काढा. घासाघीस करून विकलेल्या वस्तूंची खरी किंमत ईबे दाखवत नाही, नुसती मूळ किंमत खोडलेली दिसते. ती खरी किंमत १३०पॉइंट या संकेतस्थळावर सापडते. लांब पल्ल्याचा आलेख हवा असेल तर कार्ड लॅडर आहे.

सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा बाजूला ठेवा आणि उरलेल्यांचा मध्य काढा. कधी विक्रेत्याचाच मित्र बोली चढवतो, कधी लिलाव जिंकणारा पैसेच भरत नाही, म्हणून एकाच मोठ्या व्यवहारावर विसंबू नये. कार्ड वर्षात एकदाच विकलं गेलं असेल तर त्याच्या शेजारच्या रंगांवरून अंदाज बांधा: हिरव्या ९९ चा भाव माहीत असेल तर सोनेरी ५० साधारण कुठे बसावं हे कळतं.

भावाला मोसमाचं चक्र आहे. मार्चअखेर मोसम सुरू होतो, त्याच्या आधीपासून बाजार तापतो. ऑक्टोबरचे बाद फेरीचे सामने संपले की सगळ्यांचं लक्ष फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातं. नोव्हेंबर ते जानेवारी हा घेण्याचा काळ. दुखापतीनंतर, हंगामाबाहेर, चांगल्या फलंदाजाची कार्डं घेणं ही आमच्या मते सर्वांत भरवशाची वेळ असते, अट एकच की दुखापत मनगटाची किंवा पाठीची जुनाट नसावी.

हातात आल्यावर तपासणी

पाकीट फोडताना मोबाइलवर अखंड चित्रण करा: पत्ता दिसतो तिथपासून कार्ड बाहेर येईपर्यंत. वाद झाला तर हाच पुरावा. अमेरिकेत २५० डॉलरच्या वरची अनेक सुटी कार्डं ईबे आधी स्वतः तपासून मगच पुढे पाठवतं. त्या किमतीला हीच सोय असलेली विक्री निवडावी.

सुट्या कार्डासाठी तीन साधनं पुरतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, डिजिटल कॅलिपर आणि एक एलईडी दिवा. कार्डाचं माप ६३.५ × ८८.९ मिलिमीटर असायला हवं. एका बाजूला अर्धा मिलिमीटर कमी भरलं तर झिजलेला काठ कापून सरळ केल्याचा संशय घ्या. कापलेली कार्डं ग्रेडिंग कंपन्यांच्या नजरेतूनही सुटलेली आहेत, २०१९ मध्ये अशी अनेक प्रकरणं उघड झाली. मग भिंगातून कोपरे आणि काठ पाहा. शेवटी खोलीतले दिवे बंद करून एलईडी जवळजवळ आडवा धरा आणि कार्ड हळूहळू फिरवा. क्रोम कार्डांवर छपाईच्या रुळाची बारीक सरळ रेघ, टाचणीच्या टोकाएवढी खळी, किंवा ओरखडा याच प्रकाशात दिसतो. समोरून पाहिलं तर असं कार्ड निर्दोष वाटतं.

ग्रेड झालेलं कार्ड असेल तर लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घाला आणि तिथला फोटो हातातल्या कार्डाशी ताडून पाहा. क्रमांक खरा आणि आतलं कार्ड भलतंच, असे बनावट ‘स्लॅब’ (ग्रेड झालेल्या कार्डाची सीलबंद प्लॅस्टिकची डबी) असतात. क्रमांकित कार्ड असेल तर ३७/५० हा आकडाच जुळतो का ते पाहणं सर्वांत सोपं. प्लॅस्टिकच्या कडेला उघडून पुन्हा चिकटवल्याच्या पांढुरक्या खुणा आहेत का तेही बघावं.

ग्रेडिंग: कधी करायचं, कधी नाही

बाजारात पीएसए, बेकेट, एसजीसी आणि सीजीसी या कंपन्या आहेत. एसजीसी २०२४ मध्ये पीएसएच्या मालक कंपनीकडेच गेली. आधुनिक बेसबॉल कार्डांत विकताना पीएसए १० ला सर्वसाधारणपणे सर्वांत चांगला भाव येतो. बेकेट केंद्र (चित्र कार्डाच्या किती मधोमध आहे), कोपरे, काठ आणि पृष्ठभाग असे चार उपगुण देते, चारही १० असतील तर मिळणारं काळं लेबल फारच महाग जातं, पण ते मिळणं अतिशय अवघड. जाड पॅचची कार्डं बेकेटकडे पाठवणारे बरेच आहेत.

आता आकडे घालून पाहू. समजा कार्ड ६० डॉलरला घेतलं आणि ग्रेडिंग, जाण्यायेण्याचं टपाल मिळून ३० डॉलर लागले. एकूण ९०. पीएसए १० ला १५० डॉलर येतात, ९ ला ६५, आणि विक्रीचे १३ टक्के गेले की हातात अनुक्रमे १३०.५० आणि ५६.५०. यात पैसे नुसते परत यायलाही दहापैकी साडेचार कार्डांना १० मिळायला हवेत, आणि मधूनच एखादं ८ आलं तर पाच. बहुतेक आधुनिक कार्डांत ९ ची किंमत सुट्या कार्डाएवढीच असते, म्हणून सगळा खेळ १० वर आहे. पीएसएच्या ‘पॉप्युलेशन रिपोर्ट’मध्ये त्या कार्डाच्या किती प्रतींना १० मिळाले ते मोफत दिसतं. तिथे १० चं प्रमाण ३० टक्के असेल तर वरच्या हिशेबात पाठवण्यात अर्थ नाही, प्रत्यक्षात १० झालेलं कार्डच विकत घ्यावं. प्रमाण ८० टक्के असेल तर उलटी अडचण: १० इतके झालेत की भाव वाढायला वाव कमी.

केंद्राची मोजणी घरी होते. पीएसए १० साठी पुढच्या बाजूला साधारण ५५/४५ आणि मागे ७५/२५ पर्यंत सूट असते. डावा काठ १.६ मिमी आणि उजवा १.३ मिमी भरला, तर एकूण २.९ पैकी १.६ म्हणजे ५५ टक्के, अगदी सीमेवर. काठच नसलेल्या पूर्णचित्राच्या कार्डांत मागची चौकट मोजावी.

बोटांचा ठसा असेल तर कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, अजिबात न दाबता, एकाच दिशेने पुसा. पॉलिश, पाणी, तेल काहीही लावू नका. रसायन लावल्याचं उघड झालं तर कार्डाला ग्रेडच मिळत नाही.

पाठवताना असं करा:

– कार्ड आधी मऊ ‘पेनी स्लीव्ह’मध्ये घाला. कोपरा अडकू नये म्हणून स्लीव्हचं तोंड किंचित फुगवून, कार्ड वरून सरळ सरकवा.
– स्लीव्हसकट ‘कार्ड सेव्हर १’ या अर्धवट कडक पाकिटात घाला. कडक टॉपलोडर पाठवू नका, त्यातून कार्ड काढताना कोपरे दुखावतात.
– अर्जात ज्या क्रमाने कार्डं लिहिलीत त्याच क्रमाने रचा, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून रबर बँड पुठ्ठ्यावरून घाला, कार्डावरून कधीच नाही.
– घोषित किंमत खरी लिहा. ग्रेड आल्यावर किंमत त्या सेवेच्या मर्यादेबाहेर गेली तर पीएसए वरच्या दराने फरक वसूल करते, याची तयारी ठेवा.
– पेटीत हलायला जागा राहू देऊ नका. हलवून ऐका, आवाज आला तर पुन्हा बांधा.

साठवण

क्रोम कार्ड वाकतं ही सर्वांत मोठी तक्रार, आणि तिचं कारण साधं आहे. मागचा थर पुठ्ठ्याचा, तो हवेतली ओल शोषून फुगतो. पुढचा थर प्लॅस्टिकचा, तो फुगत नाही. म्हणून कार्ड धनुष्यासारखं वाकतं. हवा फार कोरडी झाली तर उलट्या बाजूला वाकतं. १८ ते २२ अंश सेल्सियस आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवली तर ही अडचण जवळजवळ येत नाही. दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक पेटीतच ठेवावा.

अमेरिकेतल्या घरात बेसमेंट ओलं असतं आणि अ‍ॅटिक उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं, दोन्ही टाळा. घरातल्या मधल्या मजल्यावरचं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट उत्तम. आगीपासून वाचवणाऱ्या तिजोऱ्यांच्या भिंतीतला थर स्वतःच ओल सोडतो, त्यामुळे आत सिलिका जेलच्या पुड्या हव्यात आणि त्या दर काही महिन्यांनी तापवून किंवा बदलून घ्याव्यात. कार्डं भारतात आणायची असतील तर हे जास्तच लागू होतं: पावसाळ्यात मुंबई-कोकणात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि सुटं क्रोम कार्ड उघड्यावर ठेवलं तर लवकरच वाकायला लागतं. शिवाय ग्राहक सगळे तिकडे, म्हणून विकायच्या वेळी पुन्हा पाठवायचं. अशा वेळी अमेरिकेतल्याच एखाद्या व्हॉल्टमध्ये (कार्डं सांभाळणाऱ्या सुरक्षित कोठारात) ठेवणं सोयीचं. पीएसएचा व्हॉल्ट डेलावेअरमध्ये आहे, जिथे राज्याचा विक्रीकर नाही.

सुटं कार्ड पेनी स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, आणि वर चिकटणारी ‘टीम बॅग’. महाग असेल तर चुंबकी ‘वन-टच’ डबी. तिची जाडी कार्डाला नेमकी हवी: जाडी पॉइंटमध्ये मोजतात, १ पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. क्रोमला ३५ पॉइंटची, पॅचच्या कार्डाला १०० ते १८० पॉइंटची लागते. सैल असेल तर कार्ड आत हिंदकळून कोपरे खातं, घट्ट असेल तर पृष्ठभागावर छाप पडते. पीव्हीसीची जुनी पानं वापरू नका, त्यांतला मऊपणा आणणारा द्रव कार्डावर उतरतो. सहीचं कार्ड भिंतीवर लावून उन्हात ठेवलं तर निळी शाई फिकी पडते, आणि अतिनील किरण रोखणारं प्लॅस्टिकही ते पूर्ण थांबवत नाही. ग्रेड झालेल्या स्लॅबलाही वरून मापाची पिशवी घालावी, कारण ओरखडलेला स्लॅब फोटोत वाईट दिसतो आणि बोली कमी येते.

नोंदी, कर आणि विमा

प्रत्येक कार्डासाठी एका तक्त्यात तारीख, विक्रेता, किंमत, विक्रीकर, टपाल, ग्रेडिंगचा खर्च, लेबल क्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा. पावत्या हरवल्या तर कर भरताना खरेदीची किंमत सिद्ध करता येत नाही.

अमेरिकेत एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर केंद्रीय कर जास्तीत जास्त २८ टक्के असतो, शेअरच्या नफ्यापेक्षा जास्त. वर्षाच्या आत विकलं तर तो नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो. २०२५ च्या कायद्यानंतर ईबेसारख्या मंचांनी १०९९-के (विक्रीची रक्कम करखात्याला कळवणारा अर्ज) पाठवण्याची केंद्रीय मर्यादा पुन्हा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार झाली, पण काही राज्यांत ती बरीच कमी आहे. अर्ज आला नाही तरी नफा दाखवावा लागतोच.

घराच्या साध्या विम्यात संग्राह्य वस्तूंची भरपाई फारच थोड्या रकमेपर्यंत असते. संग्रह काही हजार डॉलरच्या वर गेला की स्वतंत्र पॉलिसी घ्या, आणि टपालात असतानाची जबाबदारी त्यात धरली आहे का ते विचारून घ्या. बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना एफडीआयसीचं (बँकठेवींच्या सरकारी विम्याचं) संरक्षण नसतं. तक्त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असू द्या आणि कोणतं कार्ड कुठे विकायचं हेही त्यात लिहा. ज्याला हे माहीत नाही तो वारस पहिल्या दुकानदाराला सगळी पेटी देऊन मोकळा होतो.

विकणं

हॉल ऑफ फेमसाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं आणि ७५ टक्के मतं लागतात. निकाल जानेवारीत, समारंभ जुलैत कूपर्सटाउनला. इचिरो सुझुकीला जानेवारी २०२५ मध्ये एका मताने एकमत हुकलं, आणि त्याची निवड इतकी अपेक्षित होती की भाव आधीच चढलेला होता. म्हणून निकालाच्या दिवशी विकण्यापेक्षा आधीच्या दोन-तीन महिन्यांत विकणं बरं. तसंच विक्रमाच्या जवळ पोचताना आणि वर्ल्ड सिरीजच्या आठवड्यात. निवृत्तीची घोषणा आणि हॉल ऑफ फेम यांच्या मधल्या वर्षांत भाव बहुतेक थंड असतो. तेव्हा घ्यावं, विकू नये.

हजार डॉलरपर्यंतचं कार्ड ईबेवर, निश्चित किमतीला आणि घासाघीस खुली ठेवून. लिलाव लावायचा तर त्याच कार्डाची दुसरी प्रत त्याच आठवड्यात लिलावात नाही ना हे पाहून, रविवारी संध्याकाळी संपेल असा. कार्ड शोमध्ये दुकानदार रोख देतो, पण बाजारभावाच्या ७० ते ८५ टक्केच. ईबेचं शुल्क आणि टपाल वजा जाता ८५ टक्के वाईट नाहीत, ७० मात्र नको म्हणावं. पाच आकडी किमतीच्या कार्डासाठी गोल्डिन, हेरिटेज किंवा फॅनॅटिक्स कलेक्ट यांसारखं लिलावगृह. खरेदीदाराकडून घेतलं जाणारं अधिमूल्य, साधारण २० टक्क्यांच्या आसपासचं, बोलीच्या आकड्यात धरून सांगतात की वेगळं, हे आधी विचारा, कारण बातमीत छापलेली रक्कम आणि विक्रेत्याच्या खात्यात येणारी रक्कम यांत तेवढं अंतर असतं. कार्ड खरोखर चांगलं असेल तर लिलावगृह विक्रेत्याचं कमिशन सोडायला तयार होतं, कधी त्या अधिमूल्यातलाही वाटा देतं. पण ते स्वतःहून सांगत नाहीत. करारावर सही करण्यापूर्वी दोन लिलावगृहांकडून लेखी दर मागवा.